पितळी पट्टीवरचा आकडा

कॉपर फोर्ड, आयडाहो
१९ ऑगस्ट, सोमवार

तीर्थरूप रूलनभावोजी यांना लेलंडचा टोपी काढून नमस्कार.

आर्डिथताई बरी आहे. हे वाक्य पत्रात सगळ्यात वर घालायचं, तुमच्या गुडघ्याची चौकशी त्याच्या खाली, असं तिनं मला बजावून सांगितलं आहे, म्हणून क्रम असा उलटा झाला. आता गुडघा. तो कसा आहे? चढावर दुखतो की उतारावर, हे नीट पाहून कळवा, कारण दोन्हींची कारणं वेगळी असतात (याविषयी मी दोन पुस्तकं वाचली आहेत). मेंढ्यांच्या खुरांचं कसं काय? आणि तुमचा कुत्रा अजून तुमच्यावर रुसून दुसऱ्या तंबूत झोपतो का? हे पत्र गुरुवारी शिधा घेऊन वर येणाऱ्या गाडीबरोबर पाठवतो आहे. पिठाच्या पोत्याखाली ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे आधी पोतं उचलून तुम्हाला श्वास घ्यावा लागेल. मगच वाचा.

तुमच्या कुरणाच्या उगवतीच्या टेकाडावरून आठवडाभर जो करड्या-पिवळ्या धुराचा डोंगर दिसतो आहे ना, त्याच्या बरोब्बर खाली आम्ही होतो. मी आणि ताई. माझ्या विमानासकट. वाढदिवसाला ती माझ्याकडे येणार हे तुम्हाला ठाऊक होतं. माझ्याकडे येऊन ती कशात बसणार, एवढंच काय ते तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही माझ्या विमानाला 'उडता डबा' म्हणता, हे मी मनाला लावून घेतलेलं नाही. अठ्ठ्याण्णव साली तुम्ही त्यात एकदाच बसलात, वाटेत तुम्हाला मळमळलं आणि उतरल्यावर तुमच्या टोपीचं जे झालेलं होतं, ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही (ताई सोडून).

झालं असं, की यंदा सदुसष्टाव्या वाढदिवसाला काय हवं असं मी विचारलं, तर ताई म्हणाली, "मला लॉस्ट मेअरच्या कुरणात पंखाखाली तीन रात्री तंबू ठोकून राहायचंय." लॉस्ट मेअर म्हणजे नदीच्या वळणावरची गवताची धावपट्टी. एकोणीसशे फूट लांब, टोकाला पाइनची झाडं, बाजूला वनखात्याची लाकडी चौकी. रस्ता नाही. खेचरानं दोन दिवस, नाहीतर विमानानं सत्तावीस मिनिटं. लग्नाआधी ताई दोन उन्हाळे वर टिनकप शिखराच्या खोपीत वणव्याच्या टेहळणीला होती, तेव्हा या कुरणात उतरणारी विमानं तिला वरून ढेकणांएवढी दिसत. "सेहेचाळीस वर्षं झाली, मला एकदा ढेकणात बसून खाली उतरायचंय," असं म्हणाली. आता तुम्हीच सांगा, नाही कसं म्हणणार?

ऑगस्टात शहाणी माणसं तिकडे जात नाहीत, हे मला कळतं. पण मी वणव्यांच्या सगळ्या सूचना वाचल्या, नकाशावर लाल पेन्सिलीनं वर्तुळं काढली. सगळ्यात जवळचा वणवा चाळीस मैलांवर होता. तयारीबद्दल तर तुम्ही मला ओळखताच. हे विमान मी आठ हिवाळे खपून खिळ्याखिळ्यानं उभं केलं आहे, कुठल्याही शाळेत न जाता (कायद्यापुरती सही करायला एक परवानेवाला मिस्त्री येतो. सही करतो आणि माझ्याकडून दोन गोष्टी शिकून जातो). डोंगरातल्या उड्डाणात सगळा खेळ वजनाचा. म्हणून हँगरमध्ये मी तराजू मांडला आणि एकेक वस्तू तोलली. टूथब्रशांच्या दांड्या कापल्या. ताईच्या पुस्तकाचे पुठ्ठे काढले, वाचून झालेली पहिली बासष्ट पानंही काढली. मग तिच्या सामानातून निघाली ती तिची बिडाची कढई. झाकणासकट सतरा पौंड! मी ती उचलून शेल्फावर ठेवली. ताई स्वतः तराजूवर चढली. एकशे एक्केचाळीस. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तू?"

"माझं कोरलेलं आहे," मी म्हणालो.

आणि खरंच कोरलेलं आहे. चालकाच्या समोर मी एक पितळी पट्टी रिव्हेट मारून बसवली आहे, तिच्यावर विमानाचे सगळे आकडे एकेक अक्षर ठोकून उमटवलेले आहेत. पहिली ओळ: चालक, १८२ पौंड. शेवटची ओळ: चाकं सुटताना पुढे धावपट्टी शंभर फूट शिल्लक नसेल तर उडू नये. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, माझा स्वतःचा आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी (विषयांतर वाटेल, पण नाही). गेली तीन वर्षं माझं विमान कोष्टकापेक्षा (किती वजनाला किती फूट धाव लागेल, ते मी मांडून ठेवलं आहे) चाळीस-पन्नास फूट उशिरा जमीन सोडतं. मला हे सहन होत नाही. मी पंख्याची पाती तपासली, चाकांतली हवा बदलून पाहिली, कार्बुरेटर अकरा वेळा उघडला. पेट्रोलवाल्याशी भांडलो. धावपट्टीलाच चढ आहे की काय, म्हणून पाण्याच्या नळीनं तिची पातळीसुद्धा मोजली. दोष सापडेना. असो.

उतरलो ते सुरेख. पहिला दिवस असा गेला की त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही, तुम्ही म्हणाल डोंगर तर माझ्याकडेही आहेत. चौकीचा रखवालदार थर्लो म्हणून आहे, ऐंशीचा, चार खेचरं आणि डब्यातले चवळीचे दाणे यांच्यावर जगतो. ताईनं त्याच्याकडे कढई मागितली आणि बिस्किटं भाजली. म्हाताऱ्यानं पहिलं बिस्किट हातात घेऊन बराच वेळ नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस नसलेली वीज झाली. कडकड, आणि थेंब एक नाही. मी विमानाच्या दोऱ्या तपासत होतो. थर्लो ओसरीवर बूट काढत होता. ताई कुरणाच्या मधोमध उभी राहून समोरच्या कड्याकडे बघत होती, ती तशीच उभी राहिली. मग शांतपणे म्हणाली, "धूर."

"ढग आहे तो, बाई," थर्लो म्हणाला. "बत्तीस वर्षं बघतोय मी या कड्यावर."

"ढगाला खाली मूळ नसतं," ताई म्हणाली. "याला आहे. आणि बत्तीस वर्षं तू खालून बघतोयस, थर्लो."

मी दुर्बीण लावली. मला ढगच दिसला. ताईनं हात पुढे ताठ केला, मुठी मोजल्या (एक मूठ म्हणजे दहा अंश) आणि टिनकपपासून इतके अंश, मधल्या सोंडेच्या मागे, तुटक्या पाइनच्या डावीकडे, असं धडाधड सांगितलं. थर्लोनं कुरकुरत रेडिओवर तेच कळवलं. भावोजी, सेहेचाळीस वर्षांनी सांगितलेला तो आकडा अर्ध्या अंशानं चुकला होता. अर्ध्या! हेलिकॉप्टरनं सव्वा तासात आठ जणांची तुकडी आणून उतरवली. त्यांची म्होरकी डॅनिका म्हणून एकतिशीची मुलगी, केसांची वेणी शिरस्त्राणात कोंबलेली. उतरताच तिनं विचारलं, "धूर कुणी पाहिला?" मी ताईकडे बोट दाखवलं. (थर्लोनंही दाखवलं, हे त्याच्या बाजूनं नमूद करतो.)

तुकडीनं रात्रीपर्यंत चौकीला आग न धरणारं चंदेरी कापड गुंडाळलं, नदीवर पंप बसवले. पण वारा पडला नाही. तिसऱ्या सकाळी उठलो तर खोऱ्यात धूर दह्यासारखा लागला होता. माझा पंख माझ्याच तंबूतून दिसेना. डॅनिका आली आणि म्हणाली, "लेलंडकाका, बारा वाजता या खोऱ्याचं आकाश बंद होतंय. मोठी विमानं पाणी टाकायला येणारेत. बाराच्या आत गेलात तर गेलात, नाहीतर तुमचं विमान इथेच, पाऊस येईपर्यंत. आणि खरं सांगू? पेट्रोल भरलेलं विमान मला माझ्या पंपाशेजारी नकोय."

"ठिणग्या पडल्या तर?" मी विचारलं.

"पंखांना कापड आहे ना? मग तुम्हीच सांगा."

"आणि माणसं?"

"माणसांना हे ओलं कुरण आहे. सगळ्या खोऱ्यात याच्याइतकी सुरक्षित जागा नाही. मी माझी सात पोरं याच भरवशावर इथे ठेवलीयत."

आमची अडचण तुम्हाला एका ओळीत सांगतो, कारण मेंढपाळालाही ती कळेल: हवा गार होती तेव्हा विमान चढलं असतं पण दिसत नव्हतं, आणि धूर उठून दिसायला लागलं तेव्हा हवा इतकी तापली, की विमान चढेल की नाही याचीच शंका. दहा चाळीसला धूर वर सरकला. पारा शहाऐंशी फॅरनहाइटवर. मी तंबू, अंथरुणं, भांडी सगळं थर्लोच्या कोठीत टाकलं, परतीपुरतं पेट्रोल ठेवलं, ओसरीवर कोष्टक मांडलं. मी आणि ताई, बाकी काही नाही: सतराशे अठ्ठ्याण्णव फूट. एकोणीसशेतून वजा करा. एकशे दोन शिल्लक. नियमापेक्षा दोन फूट जास्त! मी पेन्सील कानामागे खोचली. अशा वेळी माणसाला स्वतःविषयी जे वाटतं, ते मला वाटलं.

ताई माझ्या खांद्यावरून कागद वाचत होती. म्हणाली, "लेलंड, हे एकशे ब्याऐंशी कोणाचे?"

"माझे."

"कधीचे?"

मी आठवायला लागलो. पट्टी ठोकली ते वर्ष. त्याआधीचा डॉक्टरचा कागद. त्याही आधीचा. भावोजी, सगळ्या जगाचं वजन मी केलं, मनुका मोजल्या, पण स्वतः तराजूवर चढल्याला अकरा वर्षं झाली होती. आणि हा काही माझा एकट्याचा रोग नाही. या डोंगरातल्या कुठल्याही वैमानिकाला विचारा, तो पाहुण्याला पाणी पाजण्याआधी तराजूवर चढवील, आणि स्वतःचं वजन मात्र तरुणपणीच्या कागदावरून सांगेल.

थर्लोकडे काटा होता. खेचराच्या दोन्ही बाजूंचं ओझं सारखं लागतं, म्हणून ते तोलण्याचा, तुळईला टांगलेला. त्याच्या आकड्याला ताडपत्रीची झोळी लावली. मला झोळीत बसायला सांगितलं. बसलो. थर्लोनं आणि तुकडीतल्या दोघांनी दोर ओढला आणि मी जमिनीपासून फूटभर वर, गुडघे हनुवटीला लावून, हळूहळू गोल फिरायला लागलो. तुकडी बिस्किटं खात बघत होती. थर्लो चष्मा पुसून काट्याजवळ गेला.

"दोनशे तेरा," तो म्हणाला. आणि मग, माझी समजूत घालावी तसं, "खेचराच्या मानानं काहीच नाही."

एकतीस पौंड! ताई लगेच म्हणाली, "म्हणजे माझ्या दोन कढया."

"एक पूर्णांक ब्याऐंशी शतांश," मी झोळीतून म्हणालो. तीन वर्षांचे ते चाळीस-पन्नास फूट कुठे जात होते, हे मला तिथे गोल फिरताना कळलं. कार्बुरेटर मी अकरा वेळा उघडला होता आणि दोष खुर्चीत पट्टा बांधून बसला होता.

नवीन हिशेब: अठराशे पन्नास. शिल्लक पन्नास फूट आणि मग पाइन. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आता मी तुम्हाला खरं तेच सांगतो, कारण हे तुमच्या बायकोविषयी आहे. मी म्हणालो, "पन्नास फूट पुष्कळ झाले. चल, बस."

ताईनं कमरेवर हात ठेवले. "पट्टीवर काय कोरलंयस?"

"ते मीच कोरलंय ना!"

"म्हणूनच. दुसऱ्या कुणाचा नियम असता तर मोडला असतास तरी मी बोलले नसते." आणि मग, मी लहान असताना शेतात पडलो की ज्या आवाजात बोलायची त्या आवाजात, "तू जा. मी राहते. माझं इथे काम आहे."

"विमान जळू दे, मी तुला सोडून जात नाही."

"आठ हिवाळे जळू देणार? आणि त्या पोरीच्या पंपाशेजारी? जा म्हणते ना. रूलनला मी सांगेन." (हे शेवटचं वाक्य तिनं पाळलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.)

मी डॅनिकाकडे पाहिलं. ती म्हणाली, "मावशी म्हणतायत दोन वाजता वारा ओढ्याकडून खाली फिरेल. माझा हवामानाचा कागद म्हणतो पश्चिमेचाच राहील. मी दोन्हीकडे पंप लावणारेय. मला त्या इथे हव्यात, काका."

अकरा सत्तावीसला मी एकटा निघालो. आयुष्यात असं रिकामं विमान मी उडवलेलं नाही. इंजिनाचा दांडा सगळा पुढे, गवत मागे पळतंय, उजव्या बाजूला चंदेरी चौकी आणि तिच्यासमोर निळा रुमाल बांधलेली ताई. चाकं सुटली. पाइन खालून गेले. दहाएक मिनिटांनी रेडिओ खरखरला, थर्लोचा हातरेडिओ, आवाज ताईचा: "चाकं सुटली ती जागा पावलांनी मोजली. सोळाशे दहा. तुझं कोष्टक काय म्हणत होतं?"

"सोळाशे बारा."

"मग बरोबर असतोस रे तू," ती म्हणाली. "फक्त स्वतःला धरलं पाहिजेस."

त्यानंतर बारापासून पावणेपाचपर्यंत मी हँगरमध्ये रेडिओपुढे बसलो होतो, त्याविषयी लिहीत नाही. एकदाही उठलो नाही, इतकंच. शेल्फावर कढई होती. ती माझ्याकडे बघत होती, असं म्हणणं अशास्त्रीय आहे, पण होती. पावणेपाचला थर्लोचा आवाज आला: वारा फिरला, ओढ्याकडून खाली, जसा तिनं सांगितला तसा. आग कुरणाला वळसा घालून पलीकडच्या उतारावर गेली. चौकी उभी, खेचरं उभी, आठही जणं आणि ताई ठीक. वारा दोन वीसला फिरला म्हणे. वीस मिनिटांनी चुकले, याची ताईला चुटपुट लागली आहे. (आमच्या घराण्यात हे असंच आहे.)

भावोजी, सेहेचाळीस वर्षं ती तुमच्या गड्यांना जेवायला घालते आहे, आणि आपल्याला वाटत होतं की तिला तेवढंच येतं. निदान मला वाटत होतं. मी सगळं आपलं आपण शिकलो, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण धुराला मूळ असतं हे कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं. ती माझी बहीण आहे, हे मी आता गावात ओळख नसलेल्या माणसांनाही सांगतो.

गुडघ्याला ऊब द्या. कुत्र्याला माझा नमस्कार, त्याची बाजू मला पटते.

आपला धाकटा मेहुणा,
लेलंड

ता. क. ताई बरी आहे हे खरं, पण ती आता लॉस्ट मेअरला नाही. धुरामुळे शिखरांवरचे कॅमेरे आंधळे झाले आहेत, म्हणून खात्यानं टिनकपची जुनी खोपी पुन्हा उघडली आणि डॅनिकाच्या शब्दावर ताईला शुक्रवारी हेलिकॉप्टरनं वर नेऊन बसवलं. पहिला बर्फ पडेपर्यंत. तिचा चष्मा, पुस्तकाची बासष्ट पानं आणि कढई तिनं मागवली आहे.

आणखी एक ता. क. टिनकप तुमच्या कुरणापासून सरळ रेषेत एकोणीस मैल आहे, आणि धुराच्या वर आहे. रोज संध्याकाळी सहाला ती तुमच्या बाजूला आरसा चमकवते. तुम्हाला यातलं समजेल म्हणाली, तेव्हाही मेंढ्या तिथेच होत्या आणि आरसा तुमचाच होता. (ही गोष्ट तुम्ही दोघांनी मला कधीच सांगितलेली नाही. मी वाईट वाटून घेतलेलं नाही.) शुक्रवारपासून तीन संध्याकाळी चमकवला, उत्तर नाही. मी तिला रेडिओवर सांगितलं, भावोजी उगवतीकडे बघतच नसतील, गुडघा बघत असतील. तुमचा आरसा संध्याकाळी चालणार नाही, सूर्य तुमच्या पाठीमागे असेल. सकाळी आठला, टेकाडाच्या दक्षिण टोकावरून, कपाळाच्या उंचीवर धरा.

शेवटचा ता. क. एक तारखेला आकाश उघडतंय. मी लॉस्ट मेअरला कढई घेऊन जाणार, तिथून थर्लोची खेचरं वर खोपीपर्यंत जातात. विमानात एक जागा रिकामी आहे. जुनी पट्टी मी काढली, नवी ठोकली. पहिली ओळ: लेलंड, २१३. दुसरी: आर्डिथ, १४१. तिसऱ्या ओळीत तुमचं नाव ठोकून झालं आहे, पुढची जागा कोरी आहे. लोकरीच्या काट्यावर चढा, बूट घालून, आणि खरा आकडा याच गाडीबरोबर उलट पाठवा. टोपी वजनात धरू नका. ती मी नवीन आणून ठेवली आहे.